दाखला आणि उमेदवारी

१२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅक बे स्टेशनाकडे पहिली स्थानिक आगगाडी निघाली. तोंवर वसई, विरार, आगाशी, सोपारें या टापूंतील माणूस बहुधा आपल्या वाडीवर आणि आपल्या खाडीवर पोट भरीत असे. केळीच्या बागा, पानवेली, आगाशीचीं सुकेळीं, मिठागरें, मासेमारी आणि गलबतें बांधणारे सुतार एवढाच त्याच्या उद्योगांचा विस्तार. पोर्तुगीज अमदानींत वसईस मोठीं जहाजें बांधलीं जात. तें कसब मिस्त्रीपासून उमेदवाराकडे, बापापासून मुलाकडे हातोहात चालत आलें. त्याला शाळा ठाऊक नव्हती आणि परीक्षाही ठाऊक नव्हती. सुतार तयार झाला कीं नाहीं, हें होडी पाण्यांत उतरली म्हणजे कळे.

आगगाडीनें हा हिशेब हळूहळू बदलला. मुंबईंतील कारखान्यांत काम करून घरीं परतावें, ही गोष्ट वसईकराच्या आटोक्यांत आली. ज्या मुंबईकडे ही गाडी धांवत होती, तेथें गिरण्यांचीं धुराडीं उभीं रहात होतीं आणि त्यांच्याबरोबर एक नवा प्रश्नही उभा रहात होता. धंद्याचें शिक्षण शाळेंत घेतलें, परीक्षा दिली, दाखला मिळाला; पुढें काय? वसई-विरारच्या घरांतून हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांना तो आजच उत्पन्न झाला असें वाटतें. वस्तुतः तो दीडशें वर्षांहून अधिक काळ या प्रांताला सतावीत आला आहे, आणि त्याचीं उत्तरें मुंबई, बेळगांव, तळेगांव, पुणें अशीं चोहोंकडे विखुरलेलीं आहेत.

पहिलें उत्तर मोठें विचित्र निघालें. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं एक लाख रुपये देऊं केले, ते येथील कारागिरांची कला सुधारावी, मातीकाम, धातुकाम, लांकडावरील कोरीवकाम यांना नवें तेज चढावें म्हणून. १८५७ सालीं त्यांच्या नांवाची शाळा सुरू झाली. परंतु ज्यांच्यासाठीं दान केलें त्या सुतारांचीं, कुंभारांचीं, तांबटांचीं मुलें तेथें थोडींच आलीं. आलीं तीं बहुतेक लिहित्या-वाचत्या घरांतलीं. आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांना जो सर्वांत मोठा धनी भेटला, तो कोणी कारखानदार नसून शिक्षणखातें होतें. कारागीर घडविण्यासाठीं काढलेल्या शाळेनें इलाख्याला ड्रॉइंग मास्तर पुरविले. महाराष्ट्रांतील मुलें आजही एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या नांवांच्या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात, ती त्याच वळणाची खूण होय. ड्रॉइंग मास्तराचा धंदा कमी प्रतीचा होता असें नव्हे. पण लाख रुपये देतांना दात्याच्या डोळ्यांपुढें तो खास नव्हता. १८९१ सालीं याच शाळेला कारागिरीच्या कर्मशाळा जोडण्यांत आल्या आणि त्यांना गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव दिलें गेलें. मूळ हेतु कोठें तरी निसटला होता, याची ही एक प्रकारें कबुलीच होती.

या शाळेचे एक विद्यार्थी धुंडिराज गोविंद फाळके. ते पुढें बडोद्याच्या कलाभवनांतही शिकले. छायाचित्रण, पुराणवस्तु खात्यांतील नोकरी, छापखाना असें एकामागून एक करीत त्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. ज्या धंद्यांत त्यांचें नांव झालें तो धंदा त्यांच्या विद्यार्थिदशेंत जन्मालाही आला नव्हता! अशा विद्यार्थ्याची नोंद कोणत्या रकान्यांत करावयाची? ‘कामाला लागला’ आणि ‘कामाला लागला नाहीं’ असे दोनच रकाने असलेल्या तक्त्यांत फाळक्यांचीं पहिलीं वीस वर्षें बहुधा दुसऱ्याच रकान्यांत पडलीं असतीं.

मुंबईंतील दुसरी मोठी शाळा मात्र गरज आधीं आणि इमारत मागून अशा क्रमानें उभी राहिली. गिरण्या वाढत होत्या, पण त्यांतील कातण्याचीं व विणण्याचीं यंत्रें लँकेशायरची आणि त्यांवर देखरेख करणारे मास्तरही तिकडचेच. त्यांचे पगार जबर, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. येथल्याच मुलांना हें काम शिकवावें यांत गिरणी-मालकांचा रोकडा फायदा होता. म्हणूनच १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तेव्हां पैशांसाठीं फार वणवण करावी लागली नाहीं. भायखळ्याची जागा सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्याकडून मिळाली. हे पेटिट स्वतः गिरण्यांचे धनी होते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. शाळेला पुढें १९२३ सालीं माटुंग्यास मोठी जागा मिळाली. पण तिचा पाया घातला गेला तो गिरणगांवाच्या ऐन वस्तींत, भोंगे ऐकूं येतील अशा अंतरावर.

याचें फळही दिसलें. १८९५ सालीं मुंबईच्या गिरण्यांतील वरच्या व देखरेखीच्या जागांवर सुमारें ४२ टक्के युरोपियन होते. १९२५ सालीं हें प्रमाण सुमारें २८ टक्क्यांवर आलें. सारें श्रेय एका शाळेचें नव्हे. हातांखालीं काम करतां करतां शिकलेले लोकही त्यांत पुष्कळ होते. तथापि एल. टी. एम. ही पदवी घेतलेला तरुण साचेखात्यांत मदतनीस म्हणून शिरावा आणि कांहीं वर्षांनीं मास्तर व्हावा, ही वाट या तीस वर्षांत पक्की झाली. दाखल्यामागें गिरणी उभी होती आणि गिरणीच्या मागें बाजार उभा होता.

पण ही वाट कोणासाठीं पक्की झाली, हेंही पाहिलें पाहिजे. शिक्षण इंग्रजींतून होतें. फी भरून तीन-चार वर्षें मुलाला बसवून ठेवणें हें ज्या घराला परवडे, त्याच घरचा मुलगा तेथें जाई. पारशी कुटुंबांचा गिरण्यांशीं घरोबा होता. त्यांच्या मुलांना प्रवेशही सोपा आणि पुढची जागाही सोपी. उलट कोंकणांतून, घाटावरून आलेला कामगार गिरणींत शिरे तो जॉबराच्या ओळखीनें. जॉबर त्याचा गांववाला असे किंवा भाऊबंद असे. तो त्याला साच्यावर उभा करी, चार शिव्या देऊन काम शिकवी आणि पगारांतून आपली दस्तुरी घेई. या माणसाला दाखला कोणी विचारला नाहीं आणि दिलाही नाहीं. एकाच गिरणीला असे दोन दरवाजे होते, आणि एका दरवाजानें आंत आलेला मनुष्य दुसऱ्या दरवाजाच्या माणसाच्या जागीं क्वचितच पोंचे. धंदेशिक्षणाचे गुण गातांना हा दुसरा दरवाजा बहुधा विसरला जातो. हजारों माणसें त्याच वाटेनें कुशल झालीं, आणि त्यांच्या कौशल्याचा कागद कोठेंही नव्हता.

या शाळेंत मेकॅनिकल ड्रॉइंग शिकविणाऱ्या एका तरुण मास्तराची हकीकत मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यासाठीं जिजीभाईंच्या शाळेंत आले. डोळ्यांना कांहीं रंगांतील भेद नीट कळत नाहीं असें आढळल्यावर त्यांनीं रंग सोडले आणि यंत्रांचीं रेखाचित्रें धरलीं. त्या बळावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाची जागा मिळाली. आपल्या हक्काची बढती दुसऱ्याला गेली, तेव्हां त्यांनीं ती जागा सोडली आणि बेळगांवास जाऊन भावाच्या सायकलींच्या दुकानांत लक्ष घातलें. तेथून पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें आणि मग लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत. पहिले नांगर खपण्यास वर्ष दोन वर्षें गेलीं. १९१० सालीं औंधच्या संस्थानांत, कुंडलच्या माळावर, किर्लोस्करवाडी वसली.

या हकीकतींत धाडसाचा भाग सर्वांना दिसतो. धंदेशिक्षणाच्या दृष्टीनें मात्र त्यांतील दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. शाळेंत शिकविणारा मनुष्य कारखानदार झाला, तेव्हां त्यानें माणसें कशीं निवडलीं? दाखले पाहून नव्हे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर वाडीला आले आणि यंत्रें कल्पून तीं घडविणारे कारागीर ठरले. कोणी ओतकाम करतां करतां शिकला, कोणी लेथवर उभा राहून. ज्या माणसानें आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें वर्गांत फळ्यापुढें घालविलीं, त्यानेंच आपल्या कारखान्यांत फळ्यापेक्षां भट्टीवर अधिक भरंवसा ठेवावा, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाहीं. वर्गांत काय शिकवितां येतें आणि काय येत नाहीं, हें त्याच्याइतकें दुसऱ्या कोणाला कळणार?

तळेगांव दाभाड्यास याच सुमारास आणखी एक प्रयोग चालू होता. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर हिंडून एकेक पैसा जमविला. लोकमान्य टिळकांनीं त्या कामाला आपलें बळ दिलें. आणि पैसाफंडाच्या पैशांतून १९०८ सालीं कांचेचा कारखाना निघाला. त्याची उभारणी ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हातून झाली. ते जपान व अमेरिका येथें शिकून आलेले होते. कारखाना हीच तेथील शाळा होती. मुलगा भट्टीपाशीं उभा राही, नळी फुंके, भांडें फुटे, पुन्हा फुंके. शिक्षणक्रमाचा गाजावाजा नव्हता. परंतु तळेगांवच्या भट्टीवर तयार झालेले लोक हिंदुस्थानांत निरनिराळ्या ठिकाणीं गेले आणि त्यांच्या हातून दुसरे कांचकारखाने उभे राहिले. स्वतः वार्ष्णेय पुढें संयुक्त प्रांतांत गेले आणि तेथें त्यांनीं हा धंदा चालविला. पैसाफंडाचा हिशेब नफ्यातोट्यानें मांडला तर तो फारसा डोळ्यांत भरणार नाहीं. बाहेर पडलेल्या माणसांनीं मांडला तर भरेल.

पुण्याच्या सेवासदनाचीही आठवण येथें केली पाहिजे, कारण धंदेशिक्षण म्हटलें कीं लोकांपुढें फक्त मुलगेच उभे रहातात. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनीं १९०९ सालीं काढलेल्या या संस्थेंत विधवा आणि संसारांतील स्त्रिया परिचारिका, सुईणी, शिक्षिका होण्यासाठीं येत. परिचारिकेचें शिक्षण ससून रुग्णालयांत, प्रत्यक्ष रोग्यांच्या खाटांजवळ चाले. उच्च म्हणविणाऱ्या घरांतील बाईनें परक्या माणसाची शुश्रूषा करावी, हें समाजाला रुचत नव्हतें. तरी शिकलेल्या बाईला काम मिळे. दवाखाने वाढत होते आणि त्यांना माणसें हवीं होतीं. शाळेबाहेर मागणी असली कीं समाजाचा विरोधही कांहीं काळानें बाजूस सरतो.

एवढीं उदाहरणें डोळ्यांपुढें असतां सरकारला चिंता कां वाटत होती? कारण हीं उदाहरणें अपवाद होतीं. देशभर औद्योगिक शाळा निघाल्या होत्या आणि त्यांतून निघालेले विद्यार्थी कारखानदारांना नकोसे वाटत होते. लेफ्टनंट कर्नल ॲटकिन्सन आणि व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटचे प्रिन्सिपॉल डॉसन या दोघांना या गोष्टीच्या चौकशीस नेमलें. शिक्षणसंस्था आणि मजुरांना कामावर ठेवणारे धनी यांचा अधिक निकटचा व व्यवहारोपयोगी संबंध कसा जोडावा, हाच त्यांच्या १९१२ च्या अहवालाचा विषय. रोगाचें नांव मथळ्यांतच आलें होतें. धन्यांची तक्रार ठरीव होती: मुलाला पुस्तकी ज्ञान आहे, हाताला वळण नाहीं, हात काळे करण्याची तयारी नाहीं, तळच्या पायरीवरून चढण्याची इच्छा नाहीं. तक्रारींत तथ्य होतें. पण तिला दुसरी बाजूही होती. पदवीधर हिंदी तरुण तळच्या पायरीवर उभा राहिला, तरी वरची पायरी त्याच्यासाठीं मोकळी ठेवलेली असेच असें नाहीं. किर्लोस्करांची हकीकत याला साक्ष आहे. ज्याला वर चढूंच द्यावयाचें नाहीं, त्याला खालीं उभें रहाण्याची हौस कां नाहीं म्हणून विचारणें हा एकतर्फी न्याय झाला.

१९१६ ते १९१८ च्या औद्योगिक कमिशननें या विषयाचा अधिक खोल विचार केला. जेथें हातकसब मुख्य, उदाहरणार्थ यंत्रकाम, तेथें मुलानें कारखान्यांत उमेदवारी करावी आणि शाळा कारखान्याला जोडलेली असावी. जेथें प्रक्रिया समजून घेणें मुख्य, तेथें शाळा आधीं चालेल, असा भेद कमिशननें केला. हा भेद आजही कोणाला खोडून काढतां आलेला नाहीं. १९३७ सालीं ॲबट आणि वुड या दोन इंग्रज तज्ज्ञांनीं पुन्हा इशारा दिला कीं, धंदेशिक्षण उद्योगांच्या वाढीच्या फार पुढें धांवूं लागलें तर निराशाच पदरीं पडेल. अहवाल उत्तम, ते कपाटांत गेले.

जें अहवालांनीं झालें नाहीं तें महायुद्धानें केलें. १९४० सालीं सरकारनें तांत्रिक शिक्षणाची मोठी योजना हातीं घेतली. फिटर, टर्नर, वेल्डर थोड्या महिन्यांत तयार होऊं लागले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत, सैन्याच्या कर्मशाळांत त्यांना लगोलग जागा मिळाली. शिक्षक तेच होते, शाळाही पुष्कळशा त्याच होत्या. फरक एवढाच कीं या वेळीं माणसांची वाट पहाणारें काम दाराशीं उभें होतें. युद्ध संपलें आणि काम ओसरलें. जुलै १९४५ मध्यें सैनिकांच्या पुनर्वसनासाठीं वेगळें खातें निघालें आणि रोजगार विनिमय केंद्रें उघडलीं. शिकलेल्या माणसाला काम शोधून देण्यासाठीं स्वतंत्र कचेरी लागते, हें तेव्हां प्रथमच मान्य झालें. याच यंत्रणेंतून स्वतंत्र भारतांत १९५० सालीं कारागीर प्रशिक्षणाची योजना निघाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आजची आय. टी. आय., जन्मास आली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें जुना ‘उमेदवार’ हा शब्द सरकारी कागदांत पुन्हा आणला.

या योजनेनें कारागिराच्या मुलाला, शेतकऱ्याच्या मुलाला मराठींतून शिकण्याची सोय करून दिली. गिरणीचा दुसरा दरवाजा जो भायखळ्याला उघडतां आला नव्हता, तो कांहींसा उघडला. आणि नेमका त्याच काळांत गिरणीच बंद पडण्याच्या वाटेला लागली. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईचे सुमारें अडीच लाख गिरणी-कामगार संपावर गेले; पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालूं झाल्याच नाहींत. साच्यावर वीस वर्षें घालविलेल्या माणसाचें कसब एका संपानें बिनकामाचें झालें. अशीं अनेक कुटुंबें स्वस्त जागेच्या शोधांत उत्तरेकडे सरकलीं आणि नालासोपारा, विरार येथील चाळींत येऊन राहिलीं. ज्या रुळांवरून त्यांच्या आधींच्या पिढ्या मुंबईस कामाला येत होत्या, त्याच रुळांवरून हा उलटा प्रवास झाला.

वसई-विरारची २००९ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत तिची वस्ती बारा लाखांवर गेली. २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा झाला. वाड्या आटल्या आणि वसई पूर्वेस, वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूस कारखान्यांचे गाळे उभे राहिले. एका गाळ्यांत दोन लेथ, एक मिलिंग मशीन, पांच-सात माणसें. बऱ्याच ठिकाणीं धनी स्वतःच कारागीर. येथें कोणाला फिटर हवा असला तर तो हात पाहून घेतला जातो, आणि हात तयार व्हावयाचा तर गाळ्यांत आधीं कोणी तरी शिरूं द्यावें लागतें.

शिकून निघालेल्यांचें पुढें काय होतें, याच्या पाहण्या आतां होतात. आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओरिसा येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांविषयीं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत उत्तीर्णांपैकीं अर्ध्याहून अधिकांना पगारी काम मिळालेलें दिसलें नाहीं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाहणींत सुमारें ६३ टक्के कामाला लागलेले आढळले. दोन आंकडे शेजारीं ठेवून सुधारणा झाली असें म्हणण्याचा मोह होतो. पण पाहणी कोणाची, किती वर्षांनीं केलेली आणि ‘काम’ कशाला म्हटलें, यावर असे आंकडे वरखालीं होतात. ज्यानें फिटरचें शिकून दुकानांत माल मोजला, तोही कामाला लागलेलाच.

उमेदवारीच्या कायद्यांत २०१४ सालीं मोठी दुरुस्ती झाली आणि २०१९ च्या नियमांनीं तो आणखी सैल केला. ज्या कारखान्यांत तीस किंवा अधिक माणसें आहेत त्यानें उमेदवार घेतलेच पाहिजेत; चारपासून एकोणतीसपर्यंत माणसें असतील तर तें धन्याच्या खुषीवर आहे. गोखिवऱ्याच्या आणि वालीवच्या पांच-सात माणसांच्या गाळ्यांत, जेथें शिकण्यासारखें काम रोज चालतें, उमेदवाराला जागा द्यावयाची कीं नाहीं, हें धन्याच्या खुषीवरच राहिलें आहे.